अक्षांशागणिक भूचुंबकीय स्पंदने का बदलतात?

शलाका

भूचुंबकीय वेधशाळांच्या दर सेकंदाच्या नोंदी आता कोणालाही मिळू शकतात. त्यांपैकी तीन ठिकाणच्या नोंदी एकाखाली एक लावून मी गेले काही महिने पाहते आहे. एक ठिकाण भूचुंबकीय अक्षांश (भौगोलिक ध्रुवाऐवजी चुंबकीय ध्रुवाच्या संदर्भात मोजलेला) ६६° च्या आसपासचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले आहे, दुसरे ४५° जवळचे आणि तिसरे चुंबकीय विषुववृत्ताला अगदी लागून असलेले आहे. तिन्ही ठिकाणी मी क्षैतिज क्षेत्राचा उत्तर–दक्षिण घटक घेतला आहे आणि त्यातून मंद दैनिक बदल वजा करून उरलेली थरथर, म्हणजेच भूचुंबकीय स्पंदने, तेवढी पाहिली आहे.

सकाळच्या वेळी ६६° वर चार-पाच मिनिटांचा दोलनकाल असलेली, पन्नास-साठ नॅनोटेस्लांपर्यंत जाणारी संथ आंदोलने दिसतात. त्याच वेळी ४५° वर पाहावे, तर ही आंदोलने जेमतेम ओळखू येतात. मात्र त्यांच्यावर वीस-पंचवीस सेकंदांची बारीक नक्षी चढलेली असते आणि तिचा आयाम एक नॅनोटेस्लाही भरत नाही. विषुववृत्ताकडे जाताना सगळेच आणखी क्षीण होत जावे, अशी अपेक्षा या दोन नोंदींवरून कोणीही करील. प्रत्यक्षात दुपारच्या सुमारास विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी मिनिट-दीड मिनिटाची आंदोलने ४५° वरच्या आंदोलनांपेक्षा ठळक असतात आणि सूर्य मावळला की हा ठळकपणा ओसरतो.

रात्री आणखी एक प्रकार दिसतो. अचानक एक झटका बसतो, त्यामागून मिनिटभराच्या दोलनकालाची चार-सहा आंदोलने येतात आणि विरून जातात. ही मात्र तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच क्षणी सुरू होतात आणि त्यांचा दोलनकालही सारखाच असतो.

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एकूण क्षेत्र साधारण २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला असते. त्या मानाने हे बदल नगण्य वाटतील, पण त्यांच्यात इतकी शिस्त आहे की त्यांना निव्वळ गोंगाट म्हणून सोडून देणे मला पटत नाही. अक्षांश वाढला की दोलनकाल आणि आयाम दोन्ही वाढतात, असा सरळ नियम मांडता येतो का? आणि येत नसेल, तर अक्षांशाचा या स्पंदनांशी संबंध नेमका कोणत्या वाटेने येतो?

ध्रुवमत्स्य

शलाका, तुम्ही वर्णन केलेल्या नोंदी अगदी नमुनेदार आहेत आणि त्यांचे उत्तर जमिनीवर न शोधता चुंबकीय बलरेषांवर शोधावे लागते. तुमचे प्रत्येक ठिकाण म्हणजे एका विशिष्ट बलरेषेचा पायथा आहे. ती रेषा तिथून निघते, अवकाशात चढते आणि दुसऱ्या गोलार्धात जमिनीला टेकते. रेषा किती उंच जाते हे भूचुंबकीय अक्षांशावरून ठरते. क्षेत्र साध्या द्विध्रुवाचे, म्हणजे दांडीचुंबकासारखे, मानले, तर रेषेच्या सर्वांत उंच बिंदूचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर, पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत, अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाच्या व्यस्ताइतके असते. ४५° वरून निघालेली रेषा केंद्रापासून दोन त्रिज्यांवर जाते, ६०° वरची चार त्रिज्यांवर आणि तुमची ६६° वरची सहा त्रिज्यांच्या थोडी पलीकडे. २०° वरून निघालेली रेषा मात्र जमिनीपासून साडेआठशे किलोमीटरही वर जात नाही. तिचा जवळजवळ सगळा प्रवास आयनांबर (वातावरणाचा वरचा, आयनीभूत आणि म्हणून विद्युतवाहक थर) आणि त्याच्या लगतच्या थरातच संपतो.

हन्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की विद्युतवाहक द्रवात चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारेसारख्या वागतात आणि त्यांच्यावरून आडव्या लहरी धावू शकतात. लहरीचा वेग क्षेत्राच्या तीव्रतेच्या सम प्रमाणात आणि प्लाझ्माच्या, म्हणजे आयन व इलेक्ट्रॉन यांच्या वायूच्या, घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. रेषेची दोन्ही टोके आयनांबरात रोवलेली असल्यामुळे लहर तिथे परावर्तित होते आणि तारेप्रमाणेच प्रत्येक रेषेला स्वतःचा नैसर्गिक दोलनकाल मिळतो. स्पंदनांच्या संदर्भात हा विचार डंजी यांनी १९५४ मध्ये मांडला. बाहेरून आलेल्या लहरीची वारंवारता ज्या रेषेच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळते, तीच रेषा अनुस्पंदनाने जोरात हलते, याची गणिती मांडणी १९७४ मध्ये साउथवूड यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे चेन व हासेगावा यांनी केली.

आता आकडे घालून पाहू. ४५° वरच्या रेषेची लांबी सुमारे २२ हजार किलोमीटर आहे, तर ६०° वरच्या रेषेची सुमारे ५७ हजार किलोमीटर. लांबीतला फरक अडीच पटींचा आहे, पण खरा फरक क्षेत्राच्या तीव्रतेत पडतो. द्विध्रुवाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे दोन त्रिज्यांवर जे क्षेत्र ३,९०० नॅनोटेस्लांच्या आसपास असते, ते चार त्रिज्यांवर ५०० नॅनोटेस्लांच्याही खाली येते. लांबी वाढते आणि क्षेत्र घटते, या दोन्ही गोष्टी लहरीचा फेरा लांबवतात, तर बाहेर विरळ होत जाणारा प्लाझ्मा तो काहीसा आखूड करतो. घनता अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते असे धरले, तर नैसर्गिक दोलनकाल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ४५° वर पंधरा-वीस सेकंदांचा दोलनकाल असेल, तर ६०° वर तो मिनिटाच्या पुढे जातो आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात काही मिनिटांवर पोहोचतो. तुमच्या पहिल्या दोन नोंदींतील फरकाचा मोठा भाग इथेच उलगडतो.

तरीही तुम्ही सुचवलेला सरळ नियम मी मांडणार नाही, कारण तो दोन ठिकाणी मोडतो. पृथ्वीभोवती दाट, थंड प्लाझ्माचे एक आवरण आहे आणि त्याची बाहेरची कड साधारण चार-पाच त्रिज्यांवर असते. ही कड ओलांडताना घनता थोड्या अंतरात दहा ते शंभर पटींनी कोसळते. घनता कोसळली की लहरीचा वेग वाढतो आणि अक्षांश वाढत असूनही दोलनकाल एकदम कमी होतो. पुढे तो पुन्हा वाढू लागतो. म्हणजे अक्षांशाविरुद्ध दोलनकालाचा आलेख काढला, तर साठ अंशांच्या थोडे वर त्यात करवतीच्या दातासारखी खाच दिसते आणि चुंबकीय वादळानंतर हे आवरण आक्रसले की तीच खाच कमी अक्षांशाकडे सरकते. दुसरी मोडणी विषुववृत्ताच्या बाजूला होते. तिथल्या रेषा इतक्या बुटक्या आहेत की त्यांच्यावर आयनांबरातील जड ऑक्सिजन आयनांचे ओझे पडते. त्या आखूड असूनही लहर मंदावते आणि दोलनकाल पुन्हा वाढू लागतो.

आयामाविषयी थोडे. चुंबकांबराच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अवकाशातील प्रभावप्रदेशाच्या, कडेवरून सौरवात (सूर्याकडून वाहत येणारा प्लाझ्मा) घसरत जातो, तेव्हा दोन्ही बगलांवर वाऱ्याने पाण्यावर उठाव्यात तशा केल्व्हिन–हेल्महोल्ट्झ लहरी उठतात. सौरवाताच्या दाबातील चढउतारही संपूर्ण चुंबकांबराला दाबत-सोडत असतात. हे मिनिटांच्या मापाचे धक्के असून बाहेरच्या रेषांचा नैसर्गिक दोलनकालही मिनिटांचाच असल्याने ६६° ला ते पुरेपूर लागू पडतात. आत शिरताना मात्र ते क्षीण होतात. ४५° वरच्या बारीक नक्षीचा उगम वेगळा आहे. सौरवात चुंबकांबरासमोरच्या धक्कालहरीवर आदळतो, तेव्हा काही आयन उलट परावर्तित होतात आणि येणाऱ्या प्रवाहात लहरी उत्पन्न करतात. या लहरींची वारंवारता मिलिहर्ट्झमध्ये मोजली, तर ती आंतरग्रहीय क्षेत्राच्या (सौरवाताबरोबर वाहत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या) नॅनोटेस्लांतील तीव्रतेच्या साधारण सहापट भरते. हे क्षेत्र बहुधा पाच नॅनोटेस्लांच्या आसपास असते, म्हणजे दोलनकाल तेहतीस सेकंदांच्या जवळ येतो. क्षेत्राची दिशा सूर्य–पृथ्वी रेषेशी लहान कोन करीत असेल, तेव्हाच या लहरी आत सहज वाहून येतात. कोन मोठा झाला की नक्षी पुसट होते. तुमच्याकडे सौरवाताच्या नोंदी असतील, तर ही दोन्ही नाती तुम्ही स्वतः तपासू शकाल आणि मला वाटते की या विषयात स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखी हीच सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे.

ध्रुवटोपीतल्या रेषा, म्हणजे ज्यांचे दुसरे टोक सौरवातात उघडे असते त्या, दोन्ही बाजूंनी रोवलेल्या नसल्यामुळे तिथे असे अनुस्पंदन होत नाही. तिथली थरथर बहुतांशी अनियमित असते.

आयनपट

ध्रुवमत्स्य यांचे विवेचन मला मान्य आहे, पण ते जमिनीच्या वर शंभर किलोमीटरवर येऊन थांबते. बलरेषेवरून उतरणारी लहर आपल्या मापकापर्यंत जशीच्या तशी कधीच पोहोचत नाही. आयनांबराखालची हवा विद्युतरोधक असल्याने लहरीबरोबर आलेला विद्युतप्रवाह तिथे खाली उतरू शकत नाही; तो आयनांबरातच आडवा पसरतो आणि आपण जमिनीवर मोजतो ते या आडव्या प्रवाहाचे क्षेत्र असते. याचे दोन ठळक परिणाम होतात आणि अक्षांशांची तुलना करताना दोन्ही ध्यानात ठेवावे लागतात.

पहिला परिणाम दिशेचा आहे. आयनांबर ओलांडताना आडव्या क्षेत्राची दिशा नव्वद अंशांनी वळते. अवकाशात जी बलरेषा पूर्व–पश्चिम झुलत असते, ती जमिनीवर उत्तर–दक्षिण घटकात दिसते. म्हणून तुम्ही निवडलेला घटक सकाळच्या मोठ्या आंदोलनांसाठी अगदी योग्य आहे. मात्र ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात, मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत, शंभर सेकंदांच्या आसपास दोलनकाल असलेली, जवळजवळ शुद्ध साइन वक्राच्या आकाराची आंदोलने कधीकधी येतात आणि त्यांना महास्पंदने म्हणता येईल. त्यांच्यात अवकाशातील रेषा पृथ्वीच्या जवळ-दूर अशा झुलतात आणि जमिनीवर ती मुख्यतः पूर्व–पश्चिम घटकात उमटतात. एकच घटक पाहणाऱ्याच्या हातून ती निसटतात.

दुसरा परिणाम आकाराचा आहे. आयनांबरातील प्रवाहाची आडवी तरंगलांबी जितकी लहान, तितके त्याचे क्षेत्र खाली येताना झपाट्याने विरते. प्रवाह ११० किलोमीटर उंचीवर धरला, तर हजार किलोमीटर तरंगलांबीच्या रचनेचे क्षेत्र जमिनीवर निम्म्यावर येते आणि शंभर किलोमीटर तरंगलांबीच्या रचनेचे हजाराव्या भागावर. उपग्रहांना दिसणारी कित्येक अरुंद स्पंदने जमिनीवर अजिबात सापडत नाहीत, त्याचे कारण हेच. आणि म्हणूनच एखाद्या अक्षांशावर स्पंदन दिसले नाही, यावरून त्या बलरेषेवर काही घडले नाही असा निष्कर्ष काढू नये.

आता विषुववृत्ताकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. चुंबकीय विषुववृत्तावर क्षेत्र आडवे असते. दिवसा सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर पूर्व–पश्चिम विद्युतक्षेत्र लागू झाले, की त्याला काटकोनात जाऊ पाहणारा उभा प्रवाह वरच्या-खालच्या कमी वाहक थरांमुळे अडतो, तिथे विद्युतभार साचतो आणि त्यातून निर्माण झालेले उभे विद्युतक्षेत्र पूर्व–पश्चिम प्रवाहालाच आणखी बळ देते. परिणामी एका अरुंद पट्ट्यात, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन अंश, वाहकता विलक्षण वाढते. पेरूमधील हुआंकायो वेधशाळेत १९२२ पासून घेतलेल्या नोंदींत क्षैतिज क्षेत्राचा दैनिक चढउतार आजूबाजूच्या मानाने फारच मोठा आढळला, तो याच पट्ट्यामुळे. पुढे १९५१ मध्ये सिडनी चॅपमन यांनी या प्रवाहाला विषुववृत्तीय विद्युतझोत असे नाव दिले.

तुमची दुपारची आंदोलने या झोतात वाढलेली आहेत. त्यांचा मूळ धक्का विषुववृत्ताच्या बुटक्या रेषांवर जन्मलेला असण्याची गरज नाही. उच्च अक्षांशांवरच्या आयनांबरात बदलणारे विद्युतक्षेत्र जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून जवळजवळ तत्काळ विषुववृत्तापर्यंत पोहोचते, अशी मांडणी किकुची आणि अराकी यांनी १९७९ मध्ये केली. मधल्या अक्षांशांवर हे विद्युतक्षेत्र फारसा प्रवाह वाहवू शकत नाही, म्हणून तिथे स्पंदन क्षीण राहते; विषुववृत्तावर तेच क्षेत्र वाढलेल्या वाहकतेच्या पट्ट्यात शिरते आणि स्पंदन पुन्हा डोके वर काढते. सूर्यास्तानंतर या थरातील आयन भराभर पुन्हा इलेक्ट्रॉनांशी जुळतात, वाहकता कोसळते आणि ठळकपणाही जातो. तो दुपारीच का दिसतो, याचे उत्तर एवढेच आहे. पाहण्यासारखी एक गोष्ट सुचवतो: विषुववृत्तापासून दहा-पंधरा अंशांवरचे, त्याच रेखावृत्तावरचे चौथे ठिकाण घ्या आणि दोन्ही ठिकाणच्या आयामांचे गुणोत्तर तासागणिक मांडा. हे गुणोत्तर सकाळी चढते, दुपारच्या आसपास सर्वांत मोठे होते आणि संध्याकाळी एकाच्या जवळ येते.

पूर्वरात्र

रात्रीच्या झटक्याविषयी वर कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

स्पंदनांचे आज वापरात असलेले वर्गीकरण १९६३ मध्ये ठरले. अखंड चालणारी ती पीसी आणि अनियमित, झटक्याने येणारी ती पीआय. पीसी-१ ची मर्यादा ०.२ ते ५ सेकंद, पीसी-२ ची ५ ते १०, पीसी-३ ची १० ते ४५, पीसी-४ ची ४५ ते १५० आणि पीसी-५ ची १५० ते ६०० सेकंद अशी आहे. पीआय-१ ची १ ते ४० आणि पीआय-२ ची ४० ते १५० सेकंद. ही केवळ दोलनकालावर आखलेली चौकट असून ती उगमाविषयी काहीच सांगत नाही. शलाका, तुमची सकाळची आंदोलने पीसी-५ मध्ये बसतात, बारीक नक्षी पीसी-३ मध्ये आणि रात्रीचा झटका पीआय-२ मध्ये.

पीआय-२ चा उगम सूर्याच्या विरुद्ध बाजूला, चुंबकांबराच्या शेपटीत असतो. तिथे साठलेली ऊर्जा उपवादळाच्या रूपाने मोकळी होते, शेपटीतील प्रवाहाचा काही भाग बलरेषांवरून ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात वळतो आणि त्याच वेळी दाबाची एक लहर आत पृथ्वीकडे येते. ही लहर बलरेषांवरून न जाता त्यांना आडवी ओलांडून जाते. ती प्लाझ्माच्या दाट आवरणात शिरते, तेव्हा आवरणाची बाहेरची कड आणि पृथ्वीकडचा भाग यांच्यामध्ये ती मागेपुढे परावर्तित होत राहते आणि संपूर्ण पोकळी एकाच वारंवारतेने हलते. ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेल्या अनुस्पंदनात प्रत्येक अक्षांशाची वारंवारता वेगळी असते. इथे पोकळी एकच असल्यामुळे ४५° पासून विषुववृत्तापर्यंत वारंवारता एकच मिळते. शेपटीतून येणारे प्रवाहच लहरत असतील, तरीही मध्यम आणि कमी अक्षांशांवर सारखा दोलनकाल दिसू शकतो आणि एखाद्या विशिष्ट घटनेत यांपैकी कोणते कारण प्रभावी होते यावर अभ्यासकांत मतभेद होतात. उच्च अक्षांशांवर पीआय-२ बरोबर ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहाचा इतका मोठा गडबडगुंडा मिसळतो की ४५° आणि त्याखालच्या नोंदी मला उपवादळाचा आरंभ ओळखण्यासाठी अधिक विश्वासार्ह वाटतात.

अक्षांशाच्या प्रश्नाला आणखी एक उदाहरण जोडावेसे वाटते. पीसी-१ पैकी काही स्पंदने एकामागून एक फुगणाऱ्या-आटणाऱ्या मण्यांच्या माळेसारखी नोंदली जातात. फिनलंडमधील सोडानक्युला येथील नोंदींवरून सुक्सडॉर्फ यांनी १९३६ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि तेव्हापासून त्यांना मोती म्हणतात. चुंबकांबरातील ऊर्जावान प्रोटॉन बलरेषेभोवती घिरट्या घालताना या लहरी निर्माण करतात. लहरींचा पुंजका एका गोलार्धातून दुसऱ्यात येरझाऱ्या घालतो म्हणून मणी तयार होतात, असे जुने स्पष्टीकरण आहे आणि त्यावर आजही वाद चालू आहे. इथे महत्त्वाचे हे की उगम उच्च अक्षांशांवरच्या रेषेत असला, तरी रेषेच्या पायथ्याशी आल्यावर या लहरी आयनांबराच्या दाट थराला धरून आडव्या पसरतात आणि हजारो किलोमीटर दूर, कमी अक्षांशांवरही पोहोचतात. दिवसा त्यांचा वाटेत फार क्षय होतो, म्हणून कमी अक्षांशांवर त्या बहुतांशी रात्रीच्या नोंदींत मिळतात. अशा वेळी तुम्ही मोजलेल्या ठिकाणचा अक्षांश लहरीच्या जन्मस्थानाविषयी काहीच सांगत नाही.

शलाका

आपण तिघांनीही इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पुढे विचारण्यासारखे दोन मुद्दे उरतात. मागच्या काही दशकांच्या नोंदी मला दर मिनिटाच्याच मिळाल्या आहेत. त्यांत पीसी-३ शोधण्यात अर्थ आहे का? दुसरे असे की ४५° वर मला जे वीस-पंचवीस सेकंदांचे आंदोलन दिसते, ते सौरवातातून आलेल्या लहरीचा दोलनकाल दाखवते की तिथल्या बलरेषेचा स्वतःचा, हे केवळ जमिनीवरच्या नोंदींवरून कसे ठरवावे? दोन्ही दोलनकाल एकाच पट्ट्यात येतात आणि मला तरी आलेखाकडे पाहून त्यांच्यात फरक करता येत नाही.

होकायंत्र

पहिल्या मुद्द्याचे उत्तर नकारार्थी आहे. दर मिनिटाला एक आकडा असेल, तर दोन मिनिटांपेक्षा लहान दोलनकाल तत्त्वतःच ओळखता येत नाही. शिवाय मिनिटाचा आकडा हा त्या मिनिटाच्या आसपासच्या मोजमापांची भारित सरासरी असतो, त्यामुळे पंचवीस सेकंदांचे आंदोलन त्यात जवळजवळ पूर्ण पुसले जाते. पाच मिनिटांचे पीसी-५ मात्र पाच आकड्यांत नीट उमटते. जुन्या नोंदींवरून अक्षांशांची तुलना करायची असल्यास ती पीसी-५ पुरती मर्यादित ठेवावी. बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८५९ च्या चुंबकीय महावादळातील, लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या छायाचित्रित नोंदींत जी झपाट्याची स्पंदने ओळखली आणि १८६१ मध्ये प्रसिद्ध केली, ती डोळ्यांना दिसू शकली याचे कारण त्या वादळात आयाम असामान्य मोठे होते.

उपकरणाचाही विचार करावा लागतो. फ्लक्सगेट मापक क्षेत्र मोजतो. प्रवर्तन वेटोळे क्षेत्राच्या बदलाचा वेग मोजते. १०० नॅनोटेस्ला आयामाच्या, ३०० सेकंदांच्या पीसी-५ मध्ये हा वेग जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे २.१ नॅनोटेस्ला होतो. एक नॅनोटेस्ला आयामाच्या, २५ सेकंदांच्या पीसी-३ मध्ये तो ०.२५ आणि केवळ ०.०५ नॅनोटेस्ला आयामाच्या, एका सेकंदाच्या पीसी-१ मध्ये ०.३१ येतो. आयामांत दोन हजार पटींचा फरक असूनही बदलाच्या वेगात तो सात पटींच्या आत येतो. म्हणून पीसी-१ पाहणारे वेटोळे वापरतात आणि वीजवाहिन्यांत प्रवर्तित होणाऱ्या प्रवाहांची चिंता करणाऱ्यांनीही आयामापेक्षा या वेगाकडे पाहिले पाहिजे. तो वेग मोठ्या पीसी-५ मध्ये एकदा येऊन जात नाही, तासन्‌तास पुन्हा पुन्हा येत राहतो.

दुसरा मुद्दा खरोखर कठीण आहे. एका ठिकाणच्या वर्णपटात (कोणत्या वारंवारतेवर किती जोर आहे, हे दाखवणाऱ्या आलेखात) जे शिखर दिसते, ते बहुधा बाहेरून आलेल्या लहरीचे असते आणि बलरेषेचा स्वतःचा आवाज त्यात बुडून जातो. हा गुंता सोडवायला एकाच चुंबकीय रेखावृत्तावरची, शंभर-दोनशे किलोमीटर अंतरावरची दोन ठिकाणे लागतात. बाहेरून आलेली लहर दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी असते, म्हणून ध्रुवाकडच्या ठिकाणच्या वर्णपटाला विषुववृत्ताकडच्या ठिकाणच्या वर्णपटाने भागले की ती नाहीशी होते. उरतो तो दोन्ही रेषांच्या नैसर्गिक वारंवारतांमधला बारीक फरक. ध्रुवाकडच्या ठिकाणची वारंवारता थोडी कमी असते, तिथे गुणोत्तर एकाच्या वर जाते. विषुववृत्ताकडच्या ठिकाणची थोडी जास्त असते, तिथे ते एकाच्या खाली येते. मधोमध जिथे गुणोत्तर चढत्या वारंवारतेबरोबर एकाला छेदून खाली उतरते, तिथेच दोन्ही नोंदींच्या कलांतील (आंदोलनाच्या टप्प्यांतील) फरक सर्वांत मोठा होतो आणि ध्रुवाकडचे ठिकाण मागे पडलेले दिसते. ही दोन्ही चिन्हे एकाच वारंवारतेवर सापडली, तर ती दोन ठिकाणांच्या मध्यबिंदूवरच्या बलरेषेची नैसर्गिक वारंवारता आहे असे निश्चित धरावे. फक्त गुणोत्तर किंवा फक्त कलाफरक पाहून निष्कर्ष काढू नये, कारण एका ठिकाणच्या जमिनीखालील वाहकता वेगळी असली तरीही गुणोत्तर सरकते. जमिनीच्या वाहकतेचा हा प्रभाव किरकोळ समजू नये: शंभर ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात पंचवीस सेकंदांची लहर सुमारे २५ किलोमीटर खोल शिरते, तर एक ओहम-मीटरच्या ओल्या गाळात अडीच किलोमीटरच.

या कामासाठी ठिकाणे निवडताना भौगोलिक अक्षांशावर विसंबू नये. ओटावाचा भौगोलिक अक्षांश सुमारे ४५° आहे, पण भूचुंबकीय अक्षांश सुमारे ५५°. तिथून निघणारी बलरेषा युरोपातील त्याच भौगोलिक अक्षांशावरच्या रेषेपेक्षा कितीतरी उंच जाते. तुलना स्थानिक वेळेनुसार करावी, जागतिक वेळेनुसार नव्हे. आणि दोन्ही ठिकाणची घड्याळे सेकंदाच्या अंशापर्यंत जुळलेली आहेत याची खातरजमा आधी करावी, कारण पंचवीस सेकंदांच्या आंदोलनात एका सेकंदाची तफावत म्हणजे चौदा अंशांहून अधिक खोटा कलाफरक.

एकदा नैसर्गिक दोलनकाल हाती आला की त्यावरून त्या बलरेषेवरील प्लाझ्माची घनता काढता येते. घनता दोलनकालाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोलनकाल दहा टक्क्यांनी वाढला, तर घनता एकवीस टक्क्यांनी वाढलेली असते. शांत दिवसांची सरासरी आधी काढून ठेवा आणि मग एखाद्या वादळानंतरच्या चार-पाच दिवसांचे दोलनकाल तिच्याशी ताडून पाहा. ४५° वर दाट आवरणाची कड सहसा पोहोचत नाही, त्यामुळे तिथे फरक लहान दिसेल. ५५° ते ६०° च्या दरम्यानची एखादी जोडी मिळाली, तर वादळात दोलनकाल घसरलेला आणि पुढच्या दिवसांत आवरण पुन्हा भरत जाईल तसा तो हळूहळू मूळ जागी येताना दिसेल. त्या जोडीत एखाद्या दिवशी कलाफरकाचे चिन्ह उलटे आले, तर नोंद चुकली असे समजून ती टाकून देऊ नका. त्या दिवशी आवरणाची कड त्या दोन ठिकाणांच्या मधोमध आलेली असण्याची शक्यता आधी तपासा, कारण तिथे ध्रुवाकडच्या रेषेचा दोलनकाल कमी असतो आणि मागे-पुढेपणाही उलटतो.